कंबर धरली की ताण द्यावा का?

कापूस वेचणी रंगात आली की या सदराकडे कंबरेची पत्रे वाढतात. यावेळी बहुतेकांनी एकच विचारले आहे: मोबाइलवर दाखवतात ते स्ट्रेचिंग, म्हणजे अंगाला ताण देण्याचे व्यायाम, कंबरेला आणि पाठीला खरोखर उपयोगी आहेत का? त्यातली सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी रोजाने कापूस वेचायला जाते. वय ४२. दिवाळीपासून कंबर धरली आहे. मुलीने मोबाइलवर पाहून व्यायाम शिकवला. उठल्याबरोबर उभ्याने खाली वाकायचे, पायाचे अंगठे धरायचे आणि विसापर्यंत मोजायचे. पंधरा दिवस केला. तेवढ्यापुरते मोकळे वाटते, पण दुपारपर्यंत जास्तच दुखते. माझे काही चुकते आहे का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

ताई, तुमची वेळ चुकते आहे आणि ताण देण्याची जागाही.

मणक्यांच्या मधल्या गाद्या रात्रभर आडवे राहिल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणून माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेल्या गादीवर वाकताना ताण कितीतरी जास्त येतो. उठून चालू-फिरू लागले की पहिल्या तासाभरात यातले बरेच पाणी उतरते. अमेरिकेत १९९८ साली जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांना मुख्यतः एवढेच सांगितले होते की उठल्यावर पहिले दोन तास कंबरेत वाकायचे नाही. त्यांचे दुखणे कमी झाले. तुम्ही नेमक्या त्याच वेळेला सगळ्यात खोल वाकत आहात.

कापसाला दव वाळल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण ओल्या कापसाची प्रत उतरते. त्यामुळे वावरातले वाकणे तसेही उशिरा सुरू होते. सकाळी घोळ होतो तो घरी : झाडलोट, सडा, हापशीचे पाणी, चुलीपुढे ओणवे होणे. झाडूला लांब दांडा बांधून घ्या. चुलीपुढे एक गुडघा टेकवून बसा. भरलेला गुंड उचलताना तो अंगाजवळ घ्या आणि गुडघ्यांत वाकून उठा. अंगठे धरण्याचा व्यायाम सकाळी बंद.

आता वावरातले. दिवसभर तुमची कंबर पुढेच वाकलेली असते, म्हणजे मागच्या बाजूला ताण दिवसभर पडतच असतो. त्याच बाजूला आणखी ताण देऊन काय मिळणार? कंबरेला उलट दिशेची हालचाल हवी आहे. पात संपली की, किंवा दर वीस-पंचवीस मिनिटांनी, सरळ उभे राहा. पाय खांद्याइतके फाकवा. दोन्ही तळवे कंबरेवर मागून ठेवा, बोटे खाली. गुडघे ताठ ठेवून कंबर पुढे ढकला आणि हळू मागे झुका. दोन आकडे थांबा, परत या. असे पाच-सहा वेळा. अर्धा मिनिट लागतो. मजुरी किलोवर मिळते, तेव्हा अर्धा मिनिटही मोजला जातो हे खरे आहे. पण संध्याकाळपर्यंत हात चालता ठेवायचा तर तो खर्च परवडतो.

वीस मिनिटे पूर्ण वाकून राहिले की पाठीमागचे बंध सैल पडतात. सरळ झाल्यावर दोन मिनिटांत ते निम्मे सावरतात, उरलेली सैली अर्ध्या तासानेही पुरती जात नाही. तेवढा वेळ मणक्यांना आधार कमी असतो. कंबरेत चमक निघते ती बहुधा यावेळीच, वाकून काम केल्यावर उठता-उठता गाठोडे उचलताना. म्हणून गाठोड्याला लगेच हात लावू नका. आधी दोन मिनिटे चाला, पाणी प्या, मागे झुका. मग दोघींनी मिळून उचला. ओटीही गच्च भरू देऊ नका. पोटापुढे लोंबणारे वजन कंबरेला पुढे ओढते आणि ते सांभाळायला पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात. तीन-चार किलो झाले की रिकामी करा. खालची बोंडे वेचताना कंबरेत मोडण्याऐवजी एक गुडघा टेकवा, पुढच्या झाडाला दुसरा.

ताण द्यायचा तो संध्याकाळी, आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. सतरंजीवर उताणे झोपा. एका पायाच्या तळव्याला दुपट्टा अडकवून पाय वर ओढा, गुडघा किंचित वाकलेला. मांडीच्या मागे ओढ जाणवली की थांबा, ३० आकडे मोजा, सोडा. प्रत्येक पायाला तीन वेळा. हिसके द्यायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. पोटरीत किंवा पावलात मुंग्या आल्या तर ती ओढ शिरेवर येते आहे, पाय खाली घ्या.

एवढ्याने झोप बरी लागेल. पण पुढच्या हंगामात कंबर टिकवायची तर बळ वाढवावे लागेल. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. उताणे झोपून गुडघे वाकवा, पावले जमिनीवर. टाचांवर जोर देऊन कुल्ले वर उचला, पाच आकडे थांबा. दहा वेळा, असे दोन फेरे. जोर कुल्ल्यांत जाणवायला हवा. कंबरेत जाणवला तर पावले थोडी जवळ घ्या आणि कमी उचला. मग बाजेच्या काठावर बसा आणि हात न टेकता उठा-बसा. आठ ते दहा वेळा, तीन फेरे. शेवटी गुडघे आणि तळवे टेकवून ओणवे व्हा, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, दहा आकडे थांबा. प्रत्येक बाजूला पाच वेळा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, ते चालते.

प्रश्न : आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, दोन-तीन दिवसांत उतरते. मग स्ट्रेचिंगची गरज काय? (मेहकर तालुका, बुलडाणा)

भाऊ, उसण बहुतेक वेळा आपली आपणच उतरते. पहिले काही दिवस कडक असतात, मग दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे पुष्कळ कमी होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी जे केले त्याला यश मिळते, मग तो पायाळूचा पाय असो, मालिश असो की स्ट्रेचिंग. पाय नुसता टेकवला तर नुकसान नाही. लाथ मारून घेणे, झटका देऊन कंबर ‘बसवणे’ मात्र टाळाच.

ताज्या उसणीत जोराचा ताणही नको. स्नायू राखणीसाठी आवळलेला असतो, ओढला की तो अधिक आवळतो. पाठ जमिनीवर आणि पोटऱ्या बाजेवर ठेवून दहा मिनिटे पडा, दिवसातून तीन-चार वेळा. गरम पाण्याची पिशवी किंवा वाळूची पोटीस १५ ते २० मिनिटे, कपड्यावरून. आणि उठून चाला. दर तासाला घरातल्या घरात का होईना, पाच मिनिटे. आठवडाभर अंथरूण धरणाऱ्यापेक्षा हळूहळू कामाला लागणारा लवकर बरा होतो. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी उपाशीपोटी आणि उन्हात घाम गाळत रोज घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर येते.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याआधी १५ मिनिटे स्ट्रेचिंग करतो, एकेक पाय मिनिट-दीड मिनिट ताणून. तरी गेल्या महिन्यात मांडीची मागची शीर भरली आणि आता नडगी दुखते. स्ट्रेचिंग कमी पडते आहे का? (ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर)

कमी पडत नाही, ते काम त्याचे नाहीच. ऑस्ट्रेलियात १५३८ नव्या सैनिकांना दोन गटांत विभागून १२ आठवडे पाहिले होते. एका गटाने सरावाआधी ताण दिला, दुसऱ्याने दिला नाही. पायांच्या दुखापतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१४ मध्ये २५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, २६ हजारांवर माणसांच्या. त्यातही नुसत्या स्ट्रेचिंगने दुखापती घटल्या नाहीत. बळाच्या व्यायामाने त्या एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. दुसऱ्या दिवशीची अंगदुखीसुद्धा स्ट्रेचिंगने नावापुरतीच कमी होते.

उलट एकच स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला की त्याचा जोर थोड्या वेळासाठी चार-पाच टक्क्यांनी उतरतो. १६०० मीटरमध्ये ते कळणार नाही. १०० मीटर आणि गोळाफेक यांत गुण जातील.

धावण्याआधी अंग तापवायचे असते. पाच मिनिटे इतके हळू धावा की बोलता आले पाहिजे. झाडाला धरून प्रत्येक पाय पुढे-मागे दहा झोके. लांब पाऊल टाकत, मागचा गुडघा जमिनीजवळ नेत, दहा पावले. गुडघे वर उचलत २० मीटर, दोनदा. मग ६०-७० मीटरच्या तीन धावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरात. दहा-बारा मिनिटांत होते. थंडीच्या पहाटे आणखी तीन-चार मिनिटे लावा. ताणून धरायचे प्रकार धावून झाल्यावर किंवा संध्याकाळी, ३० आकड्यांपर्यंत.

मांडीमागचा स्नायू बहुधा पाय पुढे फेकताना, लांब होत असतानाच जोर लावताना फाटतो. म्हणून त्याला त्याच रीतीने बळ द्यावे लागते. घडी केलेल्या घोंगडीवर गुडघे टेकवा, मित्राने मागून दोन्ही घोटे दाबून धरावेत. गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत एक रेषा ठेवून शरीर पुढे झुकवत जा, जितके हळू जमेल तितके; तोल सुटला की तळव्यांवर पडा आणि हातांनी ढकलून परत या. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाचाचे दोन फेरे. दुसऱ्यात दोन दिवस, सहाचे दोन. तिसऱ्यापासून तीन दिवस, सहा ते आठचे तीन. कंबरेत मोडून कुल्ले मागे गेले तर व्यायामाचा फायदा गेला. हा व्यायाम नियमाने केलेल्या संघांत ही दुखापत जवळपास निम्मी झाली आहे. तुमची शीर नुकतीच भरलेली होती, म्हणून भरभर चालणे आणि हळू धावणे विनादुखणे जमेपर्यंत हा सुरू करू नका.

नडगीकडे मात्र आज लक्ष द्या. आतल्या कडेला चार बोटांहून लांब पट्टा दुखत असेल तर हाडावर भार झपाट्याने वाढला एवढाच अर्थ. धावणे निम्मे करा, डांबर सोडून मैदानावर या, आणि टाचा उचलायचा व्यायाम घ्या. दोन्ही पायांवर १५ चे तीन फेरे, दोन आठवड्यांनी एका पायावर. पण एका बोटाने दाखवता येईल इतकी नेमकी जागा दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणे बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर पुन्हा धावू नका. आणि पुढे कधीही अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका.

अंगाचा लवचीकपणा हवाच असेल तर जुनी बैठक उत्तम. पूर्ण खाली जाणारी बैठक आणि पूर्ण लांबीचा दंड यांनी बळही वाढते आणि सांधे स्ट्रेचिंगइतकेच मोकळे होतात. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, दंड-बैठका आपल्या मुलखात नव्याने शिकवायला नकोत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. मोबाइलमुळे खांदे पुढे आले, पोक निघाले. पाठ सरळ करणारा पट्टा मागवला आहे. सोबत कोणते स्ट्रेचिंग द्यावे? (आर्वी तालुका, वर्धा)

पट्टा ठेवून द्या. तो घातला की खांदे मागे राहतात, काढला की पूर्वीसारखे होतात, कारण काम पट्टा करतो आणि स्नायू बसून राहतात. छाती ताणण्याच्या व्यायामानेही बसण्याची ढब कायमची बदलत नाही. चार-सहा आठवडे ताण दिल्यावर हालचाल वाढते ती मुख्यतः ताण सहन करण्याची सवय झाल्याने. स्नायूची लांबी फारशी बदलत नाही. आणि ‘सरळ बसला नाही तर म्हातारपणी पाठ जाईल’ असे त्याला ऐकवू नका. अमुकच बसणे बरोबर आणि बाकीचे सगळे घातक, असे काही आढळलेले नाही. एकाच स्थितीत दोन तास बसणे हे कोणत्याही बसण्यापेक्षा वाईट. अर्ध्या तासाने उठू द्या, मैदानावर पाठवा, दाराच्या चौकटीला लोंबकळू द्या, दंड काढायला लावा. दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे.

दोन गोष्टी घरीच तपासा. त्याला जमिनीवर पालथे झोपवून कोपरांवर छाती उचलायला सांगा. पोक सपाट झाले तर ती ढब आहे, तसेच घट्ट राहिले तर मणक्यांची वाढ तपासून घ्यावी लागेल. मग उघड्या पाठीने, पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकवा आणि मागून पाहा. एका बाजूच्या फासळ्या वर आलेल्या दिसल्या तर कणा बाजूला वळतो आहे. वाढीच्या वयात यात वेळ घालवू नये.

प्रश्न : वय ५१, ट्रॅक्टर चालवतो, फवारणीही करतो. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, गादी बाहेर आली असे लिहिले आहे. कुणी म्हणते जन्मभर पट्टा बांधा, कुणी म्हणते पाय ताणा म्हणजे शीर मोकळी होते. काय करू? (मोर्शी तालुका, अमरावती)

भाऊ, आधी त्या कागदाची धास्ती सोडा. ज्यांना पाठदुखी नाहीच अशा माणसांचे एमआरआय तपासले तरी पन्नाशीत सुमारे ६० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते. विशीतसुद्धा ३० टक्के. तुमच्या बाबतीत कळ पायात उतरते म्हणून तो निष्कर्ष जुळतो, पण म्हणून पाठ कायमची निकामी होत नाही. अशा कळा बहुतेकांच्या सहा ते बारा आठवड्यांत ओसरतात.

पाय ताणून शीर मोकळी होत नाही. चिडलेली शीर ओढली की अधिक चिडते. अंगठे धरणे, पाय सरळ करून पुढे झुकणे, दोन्ही सध्या बंद. पालथे झोपा, दोन-तीन मिनिटांनी कोपरांवर या. इथे एक खूण पाहायची : कळ पावलातून वर सरकून मांडीत, मांडीतून कंबरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे, दिवसातून चार-पाच वेळा करा. कळ खाली उतरू लागली तर तिथेच सोडा. दुसरे, उताणे झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरा, गुडघा हळू सरळ करा आणि ओढ सुरू होताच परत वाकवा. थांबायचे नाही, दहा वेळा. सोबत दहा-दहा मिनिटांचे चालणे, दिवसातून तीनदा.

पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी स्पष्ट सांगितले आहे : कंबरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून नकोत, वजन लावून ओढण्याचा उपचारही नको. व्यायाम आणि दुखणे नीट समजून घेणे यांची मात्र शिफारस आहे.

१६ लिटरचा पंप भरला की स्वतःच्या वजनासकट २० किलोच्या वर जातो. कळ आहे तोवर तो दुसऱ्याच्या पाठीवर द्या. नंतर सुरू कराल तेव्हा आठ-दहा लिटरच भरा, जमिनीवरून उचलण्याऐवजी बंडीच्या काठावर ठेवून दोन्ही पट्ट्यांत हात घाला, वळता-वळता पाठीवर फेकू नका. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, तरी एकट्याचे वजन नव्हेच. ट्रॅक्टरवर हादरे गादीला थकवतात. ४५ मिनिटांनी उतरा, आणि उतरल्यावर चार पावले चालून झाल्याशिवाय काही उचलू नका.

जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पावलाचा जोर जाऊन चप्पल निसटणे, यातले काही झाले तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा, उद्यावर टाकू नका. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. या आजारांत स्ट्रेचिंग करत राहण्याने गेलेला वेळ परत मिळत नाही.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. जन्मभर रोवणी केली, आता पाठ वाकत चालली. नातवाला पाठीवर चालायला लावतात, त्याने मोकळे वाटते म्हणतात. चालेल का? (लाखांदूर तालुका, भंडारा)

ताई, ते आजच थांबवा. या वयात हाडे ठिसूळ झालेली असू शकतात आणि लेकराच्या वजनानेही मणका दबू शकतो. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून कमी झाली असेल, किंवा खोकताना-वाकताना पाठीत अचानक कळ आली असेल, तर एक्स-रे आणि हाडांची घनता तपासून घ्या. खाली वाकून अंगठे धरणे, बसून कंबर पिळणे त्यांना देऊ नका. भिंतीला पाठ लावून उभे करा, टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे. कुल्ले आणि खांदे भिंतीला, हनुवटी आत, डोके मागे टेकेल तितके. पाच श्वास, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. बाजेवरून हात न टेकता उठणे-बसणे पाच वेळांपासून सुरू करा, पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी उभे राहून.